मोटारीचा पंखा फिरत नाही? आधी तपासा, मग पार्ट बदला

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्यापैकी अनेकांची हयात गेली आहे. बापाच्या हाताखाली पाना धरायला शिकलेला मुलगा पुढे स्वतः उस्ताद होतो आणि त्याच्या हाताखाली चार शागिर्द तयार होतात. उन्हाळा लागला की या सर्वांच्या दारात एकच तक्रार येते, "उस्ताद, गाडी गरम होते." बॉनेट उघडले जाते, रेडिएटरमागचा पंखा बंद दिसतो आणि तेथल्या तेथे निकाल दिला जातो, "मोटर गेली. नवी टाकावी लागेल."

या घाईच्या निकालातून गिऱ्हाइकाचे आणि कारागिराचे किती नुकसान होते, हे सांगावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. "पंखा फिरत नाही" ही तक्रार झाली, ते निदान नव्हे. पंखा न फिरण्याची कारणे सात-आठ आहेत आणि मोटर जळणे हे त्यांपैकी फक्त एक आहे.

आमचीच एक चूक

दुसऱ्याला शिकवण्याआधी आपली चूक सांगावी, हे बरे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक टॅक्सीवाले आले. सिग्नलला गाडी थांबली की काटा वर जाई, मोकळा रस्ता मिळाला की खाली येई. आधीच्या गॅरेजात त्यांचा रेडिएटर बदलून झाला होता, तरी तक्रार तशीच होती.

आम्ही पंख्याचा कपलर काढला, मल्टीमीटर लावला. बारा व्होल्टच्या वर आकडा दिसला. करंट येतो आहे आणि मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर गेली, असे आम्ही ठरवले. नवी मोटर आणून बसवली. तीही फिरेना! दुकानदाराने सामान परत घेतले नाही. एकदा बसवलेला इलेक्ट्रिकचा पार्ट परत होत नाही, हा बाजाराचा नियम आम्हालाही माहीत होता. शेवटी दोष सापडला तो बॉडीला बसवलेल्या काळ्या तारेत. तिच्या थिंबलखाली गंजाचा थर चढला होता. काचकागदाने जागा घासली, बोल्ट आवळला आणि पंखा फिरू लागला. जुनी मोटर लावून पाहिली, तीही उत्तम चालली. नव्या मोटरचे पैसे आम्ही गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत, घेणे शक्यही नव्हते. त्या दिवसाची मजुरी गेली, वर खिशातले गेले. मात्र जो धडा मिळाला तो आजवर उपयोगी पडतो आहे.

पंखा केव्हा फिरायला हवा?

जुन्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनी गाड्यांत पंखा पट्ट्यावर चाले. इंजिन चालू तर पंखा चालू, असा सरळ हिशेब होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्यात इंजिन आडवे बसवलेले होते. पंखा थेट इंजिनाच्या पट्ट्यावर घेण्याची सोय राहिली नाही, म्हणून तो विजेच्या मोटरवर आला. आजच्या बहुतेक मोटारींत हीच व्यवस्था आहे.

विजेचा पंखा सतत फिरत नाही. थर्मोस्टॅट वॉल्व्ह साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. गाडी ताशी ५० किलोमीटरने धावत असेल तर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवायला पुरतो. गाडी थांबली, गर्दीत अडकली किंवा कसारा घाटासारख्या चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळली की वारा अपुरा पडतो. पाणी ९५ अंशांच्या आसपास पोहोचले की पंखा सुरू होतो आणि काही अंश उतरल्यावर बंद होतो. हे आकडे गाडीप्रमाणे थोडे बदलतात. एसी असलेल्या गाडीत एसी लावताच पंखा फिरावा, अशी योजना बहुतेक ठिकाणी असते.

यावरून पहिली खूण मिळते. गाडी उभी असताना तापते आणि पळताना निवते, तर संशय पंख्यावर घ्यावा. उलट हायवेवर वेगात असताना तापते, तर पंख्याच्या मागे लागू नये. तेथे चोक झालेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट पाहावे. गाडी उभी असताना एसी गरम हवा देतो आणि रस्त्यावर थंड देतो, तर तीही पंख्याचीच तक्रार समजावी. काही गाड्यांत रेडिएटरचा एक आणि एसीच्या कंडेन्सरचा एक असे दोन पंखे असतात. कोणता बंद आहे, हे आधी पाहून घ्यावे.

हात घालण्यापूर्वी

गाडी गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. हे झाकण आत दाब धरून ठेवते. ०.९ बार दाबाचे झाकण असेल तर आतले पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, त्याच क्षणी पाण्याची वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. शागिर्दांना हे पहिल्याच दिवशी सांगावे.

दुसरे असे की, काही गाड्यांत चावी काढल्यानंतरही पंखा एकाएकी सुरू होतो. पात्यांजवळ हात न्यायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी. सैल बाह्या, गळ्यातला रुमाल आणि साखळी आवरून घ्यावी.

मग गाडी पूर्ण थंड असताना कूलंट पाहावे. पाणी कमी असेल तर सेन्सर किंवा स्विच पाण्यात न राहता हवेत राहतो. त्याला खरी उष्णता कळत नाही, त्यामुळे इंजिन तापूनही पंखा सुरू होत नाही. पंखा, रिले, मोटर सर्व ठीक आणि दोष फक्त गळक्या पाइपाचा, असे प्रकार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पाणी कमी आढळले तर आधी गळती शोधावी.

तपासणीचा क्रम

साधने फार नकोत. एक मल्टीमीटर, बल्बचा टेस्ट लॅम्प, फ्यूज जोडलेली दोन जाड तारांची जोडी आणि जमल्यास डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर एवढे पुरे.

पहिली पायरी, हाताने फिरवणे. बॅटरीची तार काढून पाते बोटाने फिरवावे. सहज फिरले पाहिजे. जड लागत असेल, खरखर वाजत असेल किंवा शाफ्ट हलत असेल तर बुश किंवा बेअरिंग गेले आहे. पाते जाळीला घासत नाही ना, मध्ये पिशवी, दोरी अडकली नाही ना, तेही पाहावे.

दुसरी पायरी, फ्यूज. बॅटरी पुन्हा जोडून पंख्याचा फ्यूज तपासावा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही उडाला तर मोटर जाम आहे किंवा तार कोठे तरी बॉडीला लागते आहे. तेथे तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नये. फ्यूज जळतो म्हणून वायरिंग वाचते. फ्यूजच्या जागी तार घातली तर वायरिंग जळते आणि कधी गाडीही.

तिसरी पायरी, रिले. चार पायांच्या साध्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे छापलेले असतात. ८५ व ८६ मध्ये कॉइल असते. तिला करंट मिळाला की ३० व ८७ जोडले जातात. त्याच गाडीतला त्याच नंबराचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, काढून येथे लावून पाहावा. पंखा फिरला तर रिले खराब. यात एक पैसाही खर्च होत नाही.

चौथी पायरी, रिलेच्या जागी जोड देणे. आम्ही हिला सर्वांत महत्त्वाची पायरी मानतो. रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० व ८७ या दोन घरांत फ्यूजवाली तार लावावी. पंखा फिरला तर समजावे की मोटर, तिची वायरिंग आणि अर्थ कामचलाऊ आहेत. दोष हुकूम देणाऱ्या बाजूला, म्हणजे रिले, स्विच, सेन्सर किंवा कॉम्प्युटरकडे आहे. पंखा फिरला नाही तर दोष करंट वाहून नेणाऱ्या बाजूला, म्हणजे फ्यूज, तार, कपलर, अर्थ किंवा मोटर यांत आहे. एका तारेने अर्धे जंगल साफ होते.

पाचवी पायरी, मोटरला थेट बॅटरी. मोटरचा कपलर काढून फ्यूजवाल्या तारांनी बॅटरीचा प्लस आणि मायनस सरळ मोटरला द्यावा. फिरली तर मोटर जिवंत आहे, नवी आणण्याचे कारण नाही. फिरली नाही तरच मोटर गेली असे म्हणावे. आम्ही त्या टॅक्सीच्या वेळी हीच पायरी वगळली होती. दोन मिनिटांचे काम वाचवायला गेलो आणि एका मोटरची किंमत भरली.

येथे एक इशारा द्यावा लागतो. कपलरला दोन तारा असलेल्या साध्या मोटरसाठीच ही पायरी आहे. नव्या गाड्यांत काही पंख्यांना तीन-चार तारा असतात आणि वेग बदलणारे मोड्यूल बसवलेले असते. तेथे अंदाजाने बॅटरी देऊ नये, मोड्यूल जळते. अशा गाडीला स्कॅनर लावून त्यातूनच पंखा चालवून पाहावा.

बारा व्होल्ट दिसले म्हणजे करंट आला, असे नव्हे

आता आमच्या चुकीचे मूळ पाहू. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. म्हणून गंजलेल्या थिंबलमधून किंवा एका केसावर तग धरून असलेल्या तारेतूनही तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. पंखा मात्र लहान गाडीचा असला तरी साधारण आठ-दहा अँपिअर मागतो. मोठ्या गाडीत हा आकडा वीसच्या घरात जातो. एवढा करंट त्या अरुंद वाटेने जाऊ शकत नाही. पंखा जोडताच व्होल्ट कोसळतात.

हिशेब सोपा आहे. समजा जोडात ०.३ ओहम इतका किरकोळ रोध आहे आणि पंखा १० अँपिअर घेतो आहे. १० गुणिले ०.३ म्हणजे ३ व्होल्ट त्या जोडातच खर्च झाले. साडेबारा व्होल्टच्या बॅटरीतून पंख्याला साडेनऊच मिळाले. पंखा फिरताना दिसतो, पण वारा पुरेसा नाही. शिवाय ३ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे ३० वॅट उष्णता त्या छोट्याशा कपलरमध्ये तयार होते. पिवळा पडलेला, वितळलेला कपलर दिसतो तो यामुळेच. अशा कपलरमध्ये नवी मोटर लावली तर तोही दोष नव्या मोटरच्या गळ्यात बांधला जातो.

सबब व्होल्ट नेहमी भार असताना मोजावेत. पंखा जोडलेला आणि चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी मोटरच्या प्लस तारेवर ठेवावी. मग बॅटरीच्या मायनसवर एक आणि मोटरच्या काळ्या तारेवर एक ठेवावी. दोन्हीकडे मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक चालेल. एक-दोन व्होल्ट किंवा अधिक दिसले तर ज्या बाजूला दिसले त्या बाजूचा एकेक जोड उघडून साफ करावा. मीटर नसेल तर हेडलाइटच्या जुन्या बल्बाला दोन तारा जोडून तो कपलरला लावावा. हा बल्ब साडेचार-पाच अँपिअर घेतो. तो झगझगीत लागला तर वाट बरी आहे, मंद लागला तर वाट अडलेली आहे.

पावसाळ्यानंतर आणि कोकणच्या खाऱ्या हवेतील गाड्यांत अर्थचा दोष फार आढळतो. पाच मिनिटांची घासणी आणि थोडे ग्रीस यांनी जे काम होते, त्यासाठी मोटर खपवू नये.

स्विच आणि सेन्सर

चौथ्या पायरीत दोष हुकूम देणाऱ्या बाजूला आढळला, तर पुढे असे जावे. जुन्या गाड्यांत पाण्याच्या वाटेवर उष्णतेचा स्विच असतो. चावी चालू करून, दोन तारांचा स्विच असेल तर त्या तारा एकमेकींना जोडाव्यात, एका तारेचा असेल तर ती बॉडीला टेकवावी. पंखा फिरला तर स्विच खराब. मीटरच्या काट्याचा सेन्सर वेगळा असतो, त्याच्याशी गल्लत करू नये. काढलेला स्विच पातेल्यात पाणी उकळवून, थर्मामीटर आणि मल्टीमीटर लावून तपासता येतो. ठरलेल्या अंशाला तो जोड देतो की नाही, हे डोळ्यांनी दिसते.

नव्या गाड्यांत सेन्सर कॉम्प्युटरला उष्णता कळवतो आणि कॉम्प्युटर रिले चालवतो. हा सेन्सर थंड असताना काही हजार ओहम दाखवतो आणि तापला की काहीशे ओहमवर उतरतो. आकडा हलत नसेल तर सेन्सर गेला. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू असताना सेन्सरचा कपलर काढला की कॉम्प्युटर सावधगिरी म्हणून पंखा सुरू करतो. तो सुरू झाला म्हणजे रिले, वायरिंग आणि मोटर ठीक आहेत. याने इंजिनाचा दिवा लागतो आणि कोड साठतो, तो नंतर स्कॅनरने पुसावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा गाड्या आल्या. आता साधासा का होईना, स्कॅनर गॅरेजात असणे गरजेचे झाले आहे.

पंखा फिरतो, तरी गाडी तापते

येथे चार गोष्टी पाहाव्यात. एक, पंखा उलटा तर फिरत नाही ना? मोटर बदलताना तारा उलट लागल्या तर पंखा आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलतो. पंखा रेडिएटरमागे असेल तर समोरच्या बाजूला कागदाचा तुकडा धरावा. तो जाळीला चिकटला तर दिशा बरोबर आहे. दोन, पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण काढून टाकलेले असेल तर पंखा आजूबाजूचीच गरम हवा फिरवत राहतो. तीन, कार्बन झिजलेली मोटर रेंगाळत फिरते, कधी टिचकी मारल्यावर सुरू होते. ती बदलायलाच हवी. चार, दोन वेगांच्या पंख्यात हळू वेगाचा रेझिस्टर जळतो. मग पंखा फक्त जास्त तापल्यावर जोरात सुटतो आणि एरवी बंद राहतो. रेझिस्टर वेगळा मिळत असेल तर पूर्ण पंखा बदलण्याची गरज नाही.

याच्या उलट, पंखा थांबतच नसेल आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळत असेल, तर रिलेचे पॉइंट चिकटले आहेत किंवा सेन्सरची तार तुटली आहे, असे समजून तपास करावा.

जुनी मोटर घेताना

भंगार बाजारातून जुनी मोटर आणणारे व्यापारी आणि कारागीर पुष्कळ आहेत, त्यात गैर काही नाही. मात्र विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ती दुकानातच पाच मिनिटे चालवून पाहावी. शाफ्टला खेळ नसावा, आवाज एकसारखा असावा, करंट त्याच मॉडेलच्या चांगल्या मोटरइतका असावा. करंट जास्त घेत असेल तर मोटर जड झाली आहे, ती फ्यूज उडवील. जो दुकानदार अशी तपासून मोटर देतो त्याच्याकडे माल परत येत नाही आणि भांडणही येत नाही.

तपासणीची मजुरी मागा

आता धंद्याची गोष्ट. कारागीर अंदाजाने पार्ट का बदलतो? ज्ञान नसते म्हणून, असे नेहमीच नसते. आपल्याकडे गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते, तपासणीचे देत नाही. अर्थ घासून पंखा सुरू केला तर "एवढेच तर केले" म्हणून वीस-पन्नास रुपये हातावर ठेवते. मोटर बदलली तर मजुरीही मिळते आणि दुकानातून कमिशनही. चुकीच्या निदानाचे मूळ येथे आहे.

यावर उपाय एकच, तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि गाडीला हात लावण्यापूर्वी सांगावी. "दोष शोधण्याचे इतके, दुरुस्तीचे वेगळे" असे स्पष्ट बोलावे. काय मोजले आणि काय आढळले, हे बिलावर दोन ओळींत लिहून द्यावे. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. सुरुवातीला काही जण कुरकुर करतील. परंतु ज्याची मोटर आपण वाचवली, तो ती गोष्ट दहा ठिकाणी सांगतो. ते टॅक्सीवाले पुढे आमच्याकडे स्वतःच्या स्टँडवरच्या कितीतरी गाड्या घेऊन आले. आम्ही चूक कबूल करून मोटरचे पैसे सोडले, एवढेच त्यांना पुरे होते.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंखा ही छोटी वस्तू वाटते, पण तो बंद असताना गाडी तशीच चालवली तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट उडते आणि टॅक्सीवाल्याची कित्येक दिवसांची रोजी बुडते. म्हणून तक्रार घेऊन आलेल्या माणसाला "चालेल, उद्या बघू" म्हणून परत पाठवू नये. पाणी, पाते, फ्यूज, रिले, जोड, थेट बॅटरी आणि भाराखालचे व्होल्ट हा क्रम कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावावा आणि शागिर्दाकडून तो तोंडपाठ करून घ्यावा. सवय झाली की सगळ्या तपासणीला अर्धा तासही लागत नाही.